बेडकाची चार जादा हृदयं: प्रकल्प नोंदी

१७ जून

विषय पक्का झाला. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमचा गट बेडकाच्या लसीका हृदयांचं चालतं मॉडेल करणार. गटात एस.वाय.ची तीन मुलं आहेत: सानिका, ओंकार आणि वैभव. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून देखरेख माझी. पण कात्री, पक्कड, सिलिकॉनची ट्यूब त्यांच्याच हातात राहील.

पहिल्या बैठकीत मुलांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. बेडकाच्या छातीत रक्ताचं हृदय असतं, तीन कप्प्यांचं. हे शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. त्याखेरीज त्याच्या अंगात आणखी चार छोटी हृदयं धडधडत असतात. दोन पुढे, खांद्याच्या फऱ्याखाली. दोन मागे, युरोस्टाइल नावाच्या लांब हाडाच्या टोकाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपलेला द्रव म्हणजे लसीका. ती ओढून घ्यायची आणि परत शिरांमध्ये ढकलायची, हे या चौघांचं काम. पुढची जोडी मानेकडच्या शिरांत रिकामी होते, मागची जोडी मांड्यांकडून येणाऱ्या शिरांत.

पाठ्यपुस्तकात यावर जेमतेम दोन ओळी असतात. त्या दोन ओळींत बेडकाचं जगणं-मरणं आहे आणि मॉडेलसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ते दिसलं पाहिजे. माझी मागणी तेवढीच आहे.

२१ जून

नियम ठरले. एकही प्राणी पकडायचा नाही, डब्यात ठेवायचा नाही, कापायचा तर प्रश्नच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं. माझ्या पिढीने बेडूक कापले. पोटाची कातडी चिमटीत धरली की ती सहज वर उचलली जायची, आतल्या स्नायूंना चिकटलेली नसायचीच. खाली मोकळी जागा आणि मधे मधे ओल्या पोलिथिनसारखे पातळ पडदे. कात्रीने ते पडदे कापत आम्ही थेट रक्ताच्या हृदयाकडे जायचो. त्या मोकळ्या जागा म्हणजेच लसीकेच्या पिशव्या. हनुवटीखाली, छातीवर, पोटावर, कुशीत, पाठीवर, मांडीत, पोटरीत, सगळ्या अंगभर. बेडकाची कातडी सैल का, याचं उत्तर त्यात आहे. माणसाच्या लसीकावाहिन्या बारीक नळ्यांच्या असतात, बेडकाची लसीका अशा ऐसपैस पिशव्यांतून फिरते.

संध्याकाळी मुलांना इतिहास थोडक्यात सांगितला. योहानेस म्युलर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा लेख १८३३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. विषय होता उभयचरांतली नियमित ठोके देणारी, लसीकेशी जोडलेली चार स्वतंत्र हृदयं. त्याच सुमाराला इटलीत पावियाच्या बार्तोलोमेओ पानिझाने सरपटणाऱ्या प्राण्यांतली लसीका हृदयं वर्णन केली. म्युलरने एक गोष्ट तेव्हाच टिपली होती: या हृदयांचे ठोके रक्ताच्या हृदयाशी जुळत नाहीत, आणि आपसातही जुळत नाहीत. ओंकारने ही ओळ वहीत दोनदा अधोरेखित केली. मॉडेलमध्ये ती कशी दाखवायची, हे त्याच्या डोक्यात आतापासून घोळतंय.

५ जुलै

वैभवचं गाव घोटीजवळ. तिकडे आवणी (भाताची लावणी) चालू आहे, खाचरं भरलेली. रात्री जेवणं उरकून बांधावर गेलो. बरोबर त्याचे आजोबा, हातात काठी आणि मोठी बॅटरी. चिखलातून चालताना बांध कुठे भक्कम आणि कुठे खचेल, हे त्यांना अंधारातही ठाऊक.

मागची लसीका हृदयं कातडीच्या इतकी लगेच खाली असतात की जिवंत बेडकात ठोके बाहेरून दिसतात. फक्त उजेड बरोबर पाहिजे. टॉर्च वरून मारला तर ओली पाठ नुसती चमकते, काही कळत नाही. सानिकाने टॉर्च जमिनीलगत आडवा धरला आणि मोबाइल दुसऱ्या बाजूने. बांधाच्या कडेला मध्यम आकाराचा, गुळगुळीत पाठीचा एक बेडूक निवांत बसला होता. गळा भरभर हलत होता, तो हवा घेण्याचा हिशेब. कुशी मधूनच फुगायच्या, ती फुप्फुसं. आणि पार मागे, पाठीचं हाड संपतं तिथे, दोन्ही बाजूंना मोहरीएवढी जागा वर-खाली, वर-खाली होत होती. कातडीला आतून कोणी बोटाच्या टोकाने टोचावं इतकी बारीक हालचाल. उजवीकडची आधी, डावीकडची जराशी नंतर. पुढे काही ठोक्यांनी क्रम उलटा.

आजोबा वाकून बराच वेळ बघत राहिले. "जल्मभर या बेडकांत वावरलो, पन हे नव्हतं पाह्यलं," म्हणाले. मग वैभवला: "त्याला बोट नको लावू. बसू दे."

१३ जुलै

व्हिडिओ संथ करून मोजणी केली. मागच्या हृदयांचे ठोके साधारण सेकंदाला एक, किंवा त्याहून किंचित कमी. पुस्तकांत भेक (टोड) आणि बेडकांसाठी मिनिटाला ५० ते ६०च्या आसपासचा वेग सापडतो, त्याला धरूनच. बेडूक थंड रक्ताचा, तेव्हा हवा गार तसा वेग मंद. आमच्याकडे त्या रात्रीच्या खाचरातल्या पाण्याचं तापमान नाही, म्हणून पोस्टरवर आकडा न टाकता नुसता व्हिडिओ दाखवायचा.

सानिकाने तोच तुकडा तीन रंगांत खुणा करून परत जोडला आहे: गळा निळा, कुस हिरवी, लसीका हृदयं लाल. तीन वेगळे ठेके एकाच अंगात. हा तुकडा मॉडेलशेजारी सतत चालू ठेवायचा.

१९ जुलै

आजची नोंद लांबणार, कारण प्रकल्पाचा गाभा इथे आहे.

ओंकारने विचारलं, "मॅडम, माणसाचं एका हृदयावर भागतं, मग बेडकाला चार जादा कशाला?" उत्तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे. केशवाहिन्यांतून, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांतून, पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपणं हे सगळ्याच कणाधारी प्राण्यांत चालतं. प्रश्न किती झिरपतं याचा. माणसात दिवसभरात काही लिटर लसीका रक्तात परत येते; आपल्या अंगातला रक्तद्रव (पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग) सुमारे तीन लिटर, म्हणजे ढोबळमानाने दिवसाला एकदा सगळा रक्तद्रव बाहेर जाऊन परत येतो. बेडकाच्या केशवाहिन्या फार गळक्या. प्रथिनंसुद्धा सहज बाहेर पडतात, त्यामुळे पाण्याला आत ओढून धरणारा जोर कमी पडतो. १९३०च्या सुमारास बेडकांवर काढलेला अंदाज असा की त्याच्या रक्तद्रवाइतकं पाणी दिवसातून जवळपास ५० वेळा वाहिन्यांबाहेर जातं. म्हणजे अर्ध्या तासाला एकदा.

हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वर्ग गप्प झाला. अर्ध्या तासाला अंगातलं सगळं पातळ रक्त बाहेर, आणि तितक्याच वेळात परत आत. परत आणणारी ही चार हृदयं.

ती थांबली तर काय होतं, याचंही उत्तर आहे. झ्वेमर आणि फोलिया यांनी १९४३ साली भेकांवरचं काम प्रसिद्ध केलं. लसीका हृदयं नष्ट केल्यावर रक्तद्रव पिशव्यांत साचत गेला, रक्त घट्ट होत गेलं आणि प्राणी मेले. रक्ताचं हृदय धडधाकट होतं, पण त्याला ढकलायला रक्तच पुरेसं उरलं नाही. असे प्रयोग आज कोणी करू नयेत, मीही करू देणार नाही. पण त्या प्राण्यांनी जे दाखवून दिलं ते नीट समजून घेणं हे आपलं देणं आहे.

मॉडेलने हेच दाखवायचं. पंप बंद करा आणि बघा.

२ ऑगस्ट

साहित्य जमलं. मेन रोडवरून प्लास्टिकच्या नळ्या, सर्जिकलच्या दुकानातून सलाइनचे सेट आणि रबरी हातमोजे, मत्स्यालयाच्या दुकानातून पाण्यात बुडणारा छोटा पंप. बाहेर धो धो पाऊस, गोदावरीला पाणी चढलेलं, आणि दुकानात आलेला प्रत्येक जण आधी नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारत होता.

रचना अशी. मधे पारदर्शक बरणी, ती शीर. तिच्यात मत्स्यालयाचा पंप, ते रक्ताचं हृदय. पंपातून निघालेली मऊ नळी बेडकाच्या आकाराच्या प्लायवर वळणं घेत फिरते आणि बरणीत परत येते. नळीला सुईने बारीक भोकं, त्या केशवाहिन्या. त्यातून गळणारं पाणी खाली पारदर्शक पिशव्यांत साठतं. वरच्या बाजूला चार छोटे पंप हाताने दाबायचे; ते पिशव्यांतलं पाणी ओढून बरणीत टाकतात.

पाण्याला रंग द्यायचा का, यावर चर्चा झाली. बरणीत लाल आणि पिशवीत रंगहीन हवं, कारण लसीकेत तांबड्या पेशी जवळपास नसतात. एकाच पाण्यात हे जमणार नाही. म्हणून पाण्यात लाल मणी टाकायचे, जे सुईच्या भोकातून जाणार नाहीत. सानिकाची कल्पना, आणि उत्तम. द्रव निसटतो, पेशी आत राहतात आणि बरणीत मण्यांची दाटी वाढत जाते. रक्त घट्ट होणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. पंपाच्या तोंडाला जाळी लावायची, मणी पंख्यात अडकू नयेत.

९ ऑगस्ट

झडपा. सगळा कस यातच आहे. मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला लागणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडायलाच जोर लागतो, आणि आपल्याला हवी हलक्या दाबाने उघडणारी झडप. ओंकारने हातमोज्याचं बोट कापलं, टोकाला ब्लेडने छोटी चीर दिली आणि ते नळीच्या तोंडावर दोऱ्याने घट्ट बांधलं. आतून पाणी आलं की चीर उघडते, बाहेरून दाब आला की तिचे दोन ओठ मिटतात. खऱ्या लसीका हृदयातही आत येणाऱ्या आणि शिरेत उघडणाऱ्या दोन्ही तोंडांना झडपा असतात, म्हणून तर शिरेतलं रक्त उलटं आत शिरत नाही.

दुसरा मुद्दा भरण्याचा. फुग्याचा पंप दाबल्यावर रिकामा होतो, पण आपणहून उघडत नाही. तो तसाच चपटा राहतो. बेडकाने याची सोय केलेली आहे. लसीका हृदयाची भिंत तीन थरांची: आत पातळ अस्तर, मधे आडव्या पट्ट्यांचा स्नायू, बाहेर लवचीक तंतूंचा थर. आजूबाजूच्या ऊतींना बांधलेले हे तंतू स्नायू सैल पडताच हृदयाला चारी बाजूंनी ताणून उघडतात. आम्ही फुग्याला चार ठिकाणी सिलिकॉनने रबरबँड चिकटवले आणि चौकटीच्या खिळ्यांना अडकवले. दाबला की रिकामा, सोडला की रबर त्याला खेचून भरतं. वैभव अर्धा तास नुसता एकच पंप दाबत बसला होता, चेहऱ्यावर समाधान.

१६ ऑगस्ट

सगळं जोडून चालवलं. लसीका पंप न दाबता फक्त रक्ताचा पंप सुरू केला. पिशव्या फुगू लागल्या, बरणीतली पातळी उतरत गेली, मणी तळाशी दाटले आणि शेवटी पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. तो कोरडा घरघराट मुलांना नको वाटला; ओंकारने पटकन बटण बंद केलं. हाच परिणाम हवा होता.

मग दुसरी बाजू समोर आली आणि ती जास्त विचार करायला लावणारी निघाली. चारही पंप दाबले तरी खालच्या पिशव्यांतलं पाणी वर येईना. पाठीच्या पिशवीतलं आलं, पोटाच्या आणि मांड्यांच्या पिशव्यांतलं नाही. रबरबँडची ओढ इतकी हलकी की पाणी वीतभर वर खेचणं तिच्या आवाक्याबाहेर.

हीच अडचण खऱ्या बेडकापुढेही आहे! चारही हृदयं पाठीकडे, आणि बसलेल्या बेडकाच्या अंगातली लसीका वजनाने पोटाकडे आणि पायांकडे उतरणार. शास्त्रज्ञांनाही याच जागी अडखळायला झालं. स्टॅनली हिलमन, मायकेल हेड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हाच प्रश्न नेमका मांडला: साठा तळघरात, पंप माळ्यावर, मग पाणी वर चढवतं कोण?

३० ऑगस्ट

उत्तर २००७ साली त्याच गटाने दिलं, आणि आमच्या मॉडेलमध्ये ते दोन टप्प्यांत बसवलं.

पहिला टप्पा स्नायूंचा. मांडी, कंबर आणि ढुंगणाजवळच्या काही लहान स्नायूंची टोकं कातडीला किंवा पिशव्यांच्या पडद्यांना जोडलेली असतात. हाडं हलवण्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग तोकडा, म्हणून जुन्या शरीररचनेच्या पुस्तकांत ते नुसते नावापुरते येतात. हे स्नायू आकसले की पिशवी दाबली जाते आणि लसीका वरच्या पिशवीत चढते. भेकांमध्ये या स्नायूंचे कंडरे (टोकाचे दोरीसारखे तंतू) कापल्यावर लसीका पायांतच साचून राहिली. मॉडेलमध्ये मांडीच्या पिशवीभोवती कापडी पट्टा बांधला आणि त्याची दोरी बाहेर काढली. दोरी ओढा, पिशवी आवळते.

दुसरा टप्पा फुप्फुसांचा. पाठीच्या कण्याखाली लसीकेची एक मोठी पिशवी असते, फुप्फुसांना लागून. फुप्फुसं रिकामी झाली की ती पिशवी पसरते आणि खालची लसीका तिच्यात येते. फुप्फुसं फुगली की ती दाबली जाते आणि लसीका वर, हृदयांकडे जाते. म्हणजे बेडूक श्वास घेतो तेव्हा हवेबरोबर लसीकाही फिरवतो. आम्ही मधल्या पिशवीशेजारी लांबट फुगा बसवला, त्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी गोळा जोडला.

दोरी, गोळा, पंप या क्रमाने चालवलं तेव्हा पाणी मांडीतून मधल्या पिशवीत, तिथून पाठीकडे आणि तिथून बरणीत गेलं. मणी पुन्हा मोकळे फिरू लागले. सानिकाने टाळ्या वाजवल्या. मलाही राहवलं नाही.

६ सप्टेंबर

चौघांनी चार पंप दाबायचे आहेत (वैभवच्या वर्गातली एक मुलगी मदतीला आली आहे). सवयीने सगळे एका ठेक्यात दाबू लागतात. म्हणून सांगितलं, एकमेकांकडे बघू नका, ज्याचा त्याचा वेग ठेवा.

रक्ताच्या हृदयाचा ठोका त्याच्या स्वतःच्या स्नायूत जन्मतो. ते अंगाबाहेर काढलं तरी काही काळ चालतं. लसीका हृदय मणक्यातल्या मज्जारज्जूच्या हुकमावर चालतं. फोल्कमानने १८४४ साली हा संबंध दाखवला. प्रत्येक हृदयाला मज्जारज्जूच्या आपापल्या भागातून मज्जातंतू येतो, म्हणून ठेके वेगळे. क्युरारे हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. त्याने लसीका हृदयं थांबतात, रक्ताचं हृदय चालत राहतं. बांधणीतही तसंच: २००७ साली कोंबडीच्या गर्भांवर झालेल्या कामातून दिसलं की लसीका हृदयाचा स्नायू सोमाइट्सपासून, म्हणजे अंगाचे स्नायू जिथून बनतात तिथूनच बनतो. नाव हृदय, घराणं हातापायांच्या स्नायूंचं.

१४ सप्टेंबर

पोस्टरचा मजकूर. इतर प्राण्यांसाठी एकच चौकट. सॅलमँडरमध्ये दोन्ही कुशींना लसीका हृदयांची रांग. आपल्या सह्याद्रीतल्या देवगांडुळांच्या (बिनपायांच्या उभयचरांच्या) गटात तर काहींमध्ये ही संख्या शंभराच्या पुढे जाते, लांब अंगात अंतराअंतरावर. सापांत आणि कासवांत मागची एक जोडी. पक्ष्यांच्या गर्भात जोडी असते, बहुतेकांत पुढे नाहीशी होते. सस्तन प्राण्यांत नाहीच. वैभवला देवगांडुळाचं चित्र मोठं हवं होतं, दिलं.

२० सप्टेंबर

विभागात पहिलं सादरीकरण झालं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी सगळं उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, मग माणसाचं पानी कोन वर चढवतं? माझ्या जावेचा पाय हत्तीरोगानं सुजलाय."

प्रश्न थेट विषयाचा. माणसात लसीकावाहिन्यांच्या भिंतीच आकसतात, मधे मधे झडपा असतात, शिवाय पोटऱ्यांचे स्नायू आणि श्वास मदत करतात. हत्तीरोगात कृमी लसीकावाहिन्यांमध्येच राहतात, वाहिन्या फुगून निकामी होतात आणि पाय सुजतो. ओंकारने मांडीची पिशवी दाबायचं थांबवून त्यांना ती फुगताना दाखवली. मावशींनी पिशवीला हळूच हात लावून पाहिला. जावेला सरकारी दवाखान्यात नेण्याचं ठरलं, वैभव सोबत जाणार आहे.

पोस्टरवर माणसाचा हा भाग घालायचाच. जागा करण्यासाठी इतिहासाची चौकट लहान केली.

२७ सप्टेंबर

बाकी कामं: मांडीच्या पट्ट्याची दोरी वापरून झिजली आहे, नायलॉनची लावायची. पिशव्यांवर नावं मराठीत, जाड अक्षरांत. मागच्या डाव्या पंपाची झडप थेंब थेंब उलटी गळते. ओंकार उद्या नव्या हातमोज्याचं बोट बसवणार. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चारही पंप तासभर सलग दाबून बरणीतली पातळी दर दहा मिनिटांनी नोंदवायची, आणि ती उतरली तर सुईची काही भोकं सिलिकॉनने बुजवायची.